छाती ४२ च्या पुढे गेली की फर्मा नवा कापा : गाऊनच्या कारखानदारांना आणि दुकानदारांना खुलं पत्र

गाऊन बनवणाऱ्या कारखानदारांना, घाऊक व्यापाऱ्यांना, कटिंग मास्टरांना आणि दुकानात गिऱ्हाइकासमोर उभं राहणाऱ्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी वसईत शिवणकाम करते. नवीन कपडे शिवतेच, पण माझ्या कामाचा मोठा भाग तुमच्याकडून घेतलेले तयार गाऊन दुरुस्त करण्याचा आहे. तुळशीचं लग्न लागलं की पिशव्या यायला सुरुवात होते ती मे संपेपर्यंत. साखरपुड्याचा गाऊन, रिसेप्शनचा, डोहाळजेवणाचा, चर्चमधल्या लग्नाचा पांढरा, लेकीच्या लग्नात आईने हौसेने घेतलेला. त्यातल्या सगळ्यात अवघड पिशव्या छाती ४२ च्या पुढे असलेल्या बायकांच्या असतात. या बायका दुकानात आल्यासारख्या येत नाहीत. “माझंच अंग असं आहे” असं आधीच सांगत पिशवी उघडतात. गाऊन अंगावर चढवून पाहिला की मला दिसतं ते वेगळंच. खांदा, मुंढा (बाही जोडतात ती काखेजवळची गोलाई), दंड, पुढची उंची आणि चेन, एवढ्या जागी गाऊन चुकीचा कापलेला किंवा शिवलेला असतो. गाऊन कोणत्याही बाजारातून आणलेला असू दे, जागा त्याच. ही चूक मी उसवून थोडीफार झाकू शकते. मुळातून ती तुम्हालाच काढता येईल.

चूक कुठे होते ते मास्टरांना माहीत असणार, तरी लिहिते. ३६ छातीचा नमुना नीट बसला की त्याच फर्म्यावरून, म्हणजे कापड कापायच्या साच्यावरून, पुढची मापं काढली जातात. दर साइजला छातीत दोन इंच, कंबरेत दोन, सीटमध्ये (नितंबाच्या घेरात) दोन, शोल्डरमध्ये अर्धा. ४० पर्यंत हे निभावतं. ४८ गाठेपर्यंत सहा पायऱ्या होतात आणि साडेचौदाचा शोल्डर साडेसतरा होऊन बसतो. बाईचं वजन वाढलं म्हणून खांद्याची हाडं तीन इंच रुंदावत नाहीत. छाती ४८ असलेल्या माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांचा शोल्डर साडेपंधराच्या आसपास भरतो. मग गळा दोन्ही बाजूंनी घसरतो, बाईला सगळा समारंभभर एका हाताने खांदा वर ओढत राहावं लागतं, आणि फोटोत ब्राचा पट्टा दिसतो.

दंडाचं याच्या उलट. तिथे जेवढं वाढवायला हवं तेवढं कुणी वाढवत नाही. सतरा-अठरा इंचांच्या दंडाला चौदाची बाही लावलेली मी नेहमी बघते. त्यातही आपल्याकडची रीत अशी, की गाऊन बिनबाहीचा टांगायचा आणि बाहीचं कापड आत टाचून द्यायचं. “बाही आत आहे, लावून घ्या” असं सांगितलं जातं. ते तुकडे मी उलगडते तेव्हा ते एम साइजला पुरतील एवढेच निघतात. थ्री एक्सएल गाऊनमध्ये एम साइजची बाही टाचून पाठवण्यात काय वाचतं? फार तर वितभर नेट. त्या वितभरासाठी बाईला बिनबाहीचा गाऊन घालावा लागतो किंवा वरून जॅकेट चढवावं लागतं, आणि तिला यातलं काहीच नको असतं.

मुंढ्याबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे. मोठ्या बाईला मुंढा खोल द्या, म्हणजे मोकळं वाटेल. होतं असं की मुंढा जेवढा खाली जातो तेवढी हात उचलताना सगळी बॉडी वर खेचली जाते. अक्षता टाकायला हात वर केला की कंबरेची शिवण पोटावर चढते. मोकळेपणा हवा तो बाहीच्या रुंदीत आणि पाठीत. मुंढा काखेच्या जवळच राहायला हवा.

आणि छाती ४४ एवढ्याने काहीच कळत नाही. एका बाईची पाठ रुंद असते आणि पुढचा भाग बेताचा, दुसरीची पाठ अरुंद आणि पुढचा भाग भरलेला. टेप दोघींना ४४ च दाखवतो. एकच गाऊन दोघींना बसणं शक्य नाही. म्हणून छातीच्या वर, छातीवर आणि छातीखाली अशी तीन मापं घ्यावी लागतात. भरलेल्या छातीला टक्स (आकार देणारी चिमटीची शिवण) मोठा हवा किंवा प्रिन्सेस कटची, म्हणजे छातीवरून कंबरेकडे उभी उतरणारी, शिवण खरोखर उभारावर यायला हवी. तुमच्या मोठ्या साइजमध्ये ती शिवण बहुतेक वेळा काखेकडे सरकलेली असते, कारण ३६ च्या फर्म्यावर ती जिथे होती तिथून तिला फक्त बाजूला ढकललेलं असतं. खांद्यापासून छातीवरून कंबरेपर्यंतची पुढची उंची पाठीपेक्षा कधी दोन, कधी तीन इंच जास्त लागते. ती दिली नाही की कंबर पुढून वर जाते आणि खालची किनारही पुढे उचलली जाते. जमिनीपर्यंतचा गाऊन घेतलेल्या बाईच्या चपला मग पुढून दिसतात. ती म्हणते, “मला गाऊन आखूड झाला.” मागची उंची बरोबर असते, पुढची कमी पडलेली असते.

शिवून टाकलेल्या पॅडचंही तसंच आहे. टू एक्सएल, थ्री एक्सएल, सगळ्यांत तोच लहान पॅड, एकाच गठ्ठ्यातून काढलेला. तो मोठ्या छातीवर मध्येच उठून दिसतो. माझ्याकडे आलेल्या अशा गाऊनमधून मी पहिल्यांदा पॅड काढून टाकते आणि बाईला सांगते, समारंभाला जी ब्रा घालणार तीच घालून मापाला या. तुम्ही पॅड लावलेच नाहीत तरी चालेल. आत पट्टे अडकवायला दोन लूप द्या, ते जास्त उपयोगाचे.

आता वजनाबद्दल, म्हणजे गाऊनच्या वजनाबद्दल. घेरदार गाऊन, आत घेर फुगवणारा कॅनकॅन, वर खड्यांचं काम, असा ऐवज खांद्यावर लटकला की तासाभरात मान भरून येते. हा भार कंबरेने घ्यायचा असतो. त्यासाठी आतून कंबरेला घट्ट विणीची एक पट्टी लावून ती पुढे हुकने बंद करायची असते. पट्टीने भार धरला की वरची बॉडी खाली ओढली जात नाही आणि चेनवरचा ताणही कमी होतो. पट्टीचा खर्च नगण्य, तरी तयार गाऊनमध्ये ती मला क्वचितच सापडते. कॅनकॅनचा थर कंबरेपासूनच सुरू करू नका, सीटच्या खाली सुरू करा. कंबरेला चुण्यांचा ढीग झाला की बाईला आहे त्याहून दोन माप मोठं वाटतं, आणि टोचतं ते वेगळंच. बॉडी ताठ राहावी म्हणून घातलेले प्लॅस्टिकचे बोन मोठ्या बॉडीत बसल्यावर वाकतात आणि वाकलेलेच राहतात, त्यांचं टोक अस्तर फोडून छातीखाली रुततं. स्टीलच्या स्प्रिंगचे बोन मिळतात. ते वापरा, नाहीतर बोन नकोतच.

नेटला थेट लावलेली बारीक लपवलेली चेन ४४ च्या पुढे धरवत नाही. चेनच्या दोन्ही बाजूंना आतून मजबूत कापडाची पट्टी द्या आणि वर हुक द्या. त्याहून चांगलं म्हणजे पाठीला लूप आणि डोरी. डोरी असली की पाठ दोन-तीन इंच सैल-घट्ट करता येते, आणि डोहाळजेवणाच्या गाऊनला तर हे हवंच. पण डोरीच्या मागे आठ-दहा इंच रुंद, गाऊनच्याच कापडाची झाप द्यायला विसरू नका. भाड्याने मिळणारे प्री-वेडिंग शूटचे गाऊन ‘फ्री साइज’ म्हणून दिले जातात ते या डोरीच्या जोरावर. झाप इतकी अरुंद असते की मोठ्या बाईची सगळी पाठ उघडी पडते, मग फोटोग्राफर समोरूनच फोटो काढतो. तिने भाडं पूर्ण गाऊनचं दिलेलं असतं.

अस्तराबद्दल थोडक्यात. वैशाखात वसईत, पालघरमध्ये, मुंबईत लग्नं होतात, हॉलमधला एसी गर्दीपुढे हरतो. निदान बॉडीला तरी सुती अस्तर द्या. काखेखाली आणि बाहीच्या आतल्या बाजूला चार बोटं जागा टिकल्यांशिवाय सोडा. दंड अंगाला घासतो तिथल्या टिकल्या कातडी सोलून काढतात. रिसेप्शनच्या दुसऱ्या दिवशी हातावर ओरखडे घेऊन आलेल्या नवऱ्या मी पाहिल्या आहेत.

तुमच्या ट्रायल रूममध्ये बाई आरशासमोर सरळ उभी राहते, तुम्ही म्हणता मस्त दिसतंय, आणि सौदा होतो. समारंभात कुणी नुसतं उभं राहत नाही. रिसेप्शनला स्टेजवर मोठ्यांच्या पाया पडायला वाकावं लागतं, ते एकदा नाही, रांग संपेपर्यंत. आमच्याकडे चर्चमधल्या विधीत गुडघे टेकावे लागतात. सोफ्यावर तास-तास बसावं लागतं, आणि बसल्यावर सीटचं माप दोन-तीन इंचांनी वाढतं. म्हणून गिऱ्हाइकाला ट्रायलमध्ये बसवून बघा, वाकवून बघा, दोन्ही हात वर करायला सांगा. त्यासाठी आत एक खुर्ची लागते आणि मदतीला एक बाई उभी राहू शकेल एवढी जागा लागते. पडद्यामागचा तो अरुंद कोपरा पुरत नाही. घेरदार गाऊनमध्ये अडकलेली बाई तिथून हाक मारायलाही लाजते.

मला सगळ्यात जास्त हतबल करते ती माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. बाजूच्या शिवणीत तुम्ही अर्धा इंच ठेवता, कधी तेवढीही नाही, कडा ओव्हरलॉक करून कापून टाकलेल्या असतात. दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया ठेवली तर पुढच्या-मागच्या तुकड्यांत मिळून मला चार-पाच इंच सोडवता येतात. तेवढ्यात गाऊन एका बाईचं लग्न पार पाडतो, पुढे बाळंतपणानंतर बहिणीच्या साखरपुड्यालाही घालता येतो. भरतकाम थेट शिवणीपर्यंत नेऊ नका. शिवणीवरच खडे असले की सोडवलेल्या पट्टीवर कोरी रेघ उमटते आणि सुईची जुनी भोकं दिसतात. सॅटिनमध्ये तर ती जातच नाहीत. भरतकामाचा आराखडा करतानाच बाजूला दोन इंच मोकळे ठेवा, किंवा त्याच कामाची एक पट्टी पिशवीत वेगळी द्या. बाहीचं कापड टाचता तशी तीही टाचता येईल.

कापड जास्त लागतं म्हणून मोठ्या मापाला जादा पैसे लागतात, हे तुमचं म्हणणं मी समजते. ४४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) मोठ्या सीटच्या कळ्या, म्हणजे घेराचे तुकडे, शेजारी-शेजारी बसत नाहीत, कापड वाया जातं. ५८ पन्हा घेतला तर बऱ्याच वेळा बसतात. जे खरंच जास्त लागलं त्याचे पैसे घ्या, पण ते गाऊनला लावलेल्या चिठ्ठीवर आधीच लिहा. काउंटरवर बिल होताना, नातेवाईक शेजारी उभे असताना, “मॅडमच्या साइजला आठशे एक्स्ट्रा” असं मोठ्याने सांगण्याची काहीच गरज नसते.

आणि चिठ्ठीवरून आठवलं. तुमच्या एकाच दुकानात दोन कंपन्यांचे थ्री एक्सएल टेपने मोजले तर चार इंचांचा फरक निघतो. सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांना वैधमापनाच्या नियमांतून २०२२ साली बऱ्याच गोष्टींची सूट मिळाली, पण साइज लिहिण्याची अट कायम राहिली. एस, एम, एल, एक्सएल या अक्षरांसोबत माप सेंटिमीटर किंवा मीटरमध्येही द्यायचं आहे. गाऊनच्या चिठ्ठीवर मला हे आकडे क्वचित दिसतात. छाती, कंबर, सीट आणि दंड, एवढी चार मापं लिहिलीत तरी कितीतरी बायका अर्ध्या दिवसाची पायपीट आणि चारचौघांतला अपमान टाळतील. ऑनलाइन विकणाऱ्यांना तर हे आणखी लागू आहे. २०१८ मध्ये केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेच्या ‘इंडियासाइझ’ या पाहणीची माहिती दिली, तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं की आपले कारखाने दुसऱ्या देशांचे मापतक्ते थोडेफार बदलून वापरतात, त्यामुळे २० ते ४० टक्के कपडे परत येतात आणि परत येण्याचं मुख्य कारण नीट न बसणं हे आहे. १५ ते ६५ वयाच्या २५,००० भारतीय स्त्री-पुरुषांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची, असं त्या पाहणीचं स्वरूप ठरलं होतं.

दुसऱ्या देशांचे तक्ते तरी कुठे सगळ्यांना धरून बनले? अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० बायकांची मापं घेतली गेली. त्यातून निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या बायका धरल्या. त्या आकड्यांच्या आधारावर १९५८ साली तिथे साइजचं सरकारी प्रमाण ठरलं, आणि १९८३ साली ते मागेही घेतलं गेलं. ज्यांनी केलं त्यांनी सोडून दिलं. आपल्या बाईच्या पाठीला, पोटाला, दंडाला बसेल असा तक्ता तिकडून येणार नाही. तो इथल्या बायकांना मोजूनच करावा लागेल.

दुकानात बोलल्या जाणाऱ्या शब्दांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. “तुमच्यात नाही येणार” हे वाक्य बाई दारातून आत येताच ऐकते, तिने काही मागायच्या आधी. “लग्नाला अजून तीन महिने आहेत, तोवर कमी कराल ना?” असं म्हणून एक माप लहान गाऊन गळ्यात मारला जातो. तीन महिन्यांनी लग्नाच्या आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे रडत येते, आणि त्या गाऊनमध्ये मायाही नसते. मुलीच्या आजच्या अंगाला गाऊन विका. वजन कमी झालं तर आत घेणं सोपं आहे, ते कोणताही शिंपी करून देईल.

“काळा घ्या, बारीक दिसाल” हेही थांबवा. काळा सुंदर रंग आहे, ज्या बाईला आवडतो तिने जरूर घ्यावा. पण लेकीच्या लग्नात आईला पोपटी, राणी, मोरपंखी हवा असेल तर तिच्यासमोर तो गाऊन धरा. उठून दिसायला म्हणूनच तर ती गाऊन घ्यायला आलेली असते. माझ्या हातून गेलेल्या गाऊनमध्ये सगळ्यात देखणा एक ५० छातीच्या बाईंचा गडद केशरी क्रेपचा होता. साधा, बिनखड्यांचा, प्रिन्सेस कट, कोपरापर्यंत बाही. जाड क्रेप अंगावरून सरळ पडतो, चिकटत नाही, फुगतही नाही. सॅटिन जाड लोकांना शोभत नाही असं सांगितलं जातं, तेही खरं नाही. सॅटिनवर आडव्या सुरकुत्या दिसतात त्या ताणामुळे, आणि ताण येतो तो माप कमी पडल्यामुळे. पुरेसं माप द्या, सॅटिन छान दिसतं.

तुमच्या काचेत उभे असलेले पुतळे सगळे ३४ चे. एक तरी ४६ चा ठेवा आणि त्याच्यावर दुकानातला सगळ्यात चांगला गाऊन चढवा. आत कोपऱ्यात, पिशव्यांच्या मागे ठेवलेला ‘प्लस’चा रॅक मला माहीत आहे. त्यात गेल्या हंगामातले तीन रंग असतात.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही काढा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बरोबर मापाचा गाऊन असून पहिल्याच नेसणीला चेन फाटली, तर तो दोष मालाचा आहे. “तुम्हीच बसवून घातला असेल” असं सांगून बाईला परत पाठवलं जातं, कारण ती भांडणार नाही हे ठाऊक असतं.

मी तुम्हाला धंदा सोडून उपकार करायला सांगत नाही. या बायकांना चांगले गाऊन हवे आहेत, त्यांच्याकडे पैसे आहेत, आणि मनाजोगा मिळाला की त्या बहिणी-जावांना घेऊन त्याच दुकानात परत जातात. आज त्यांतल्या कितीतरी जणी कंटाळून साडी नेसतात. साडी आवडते म्हणून नेसली तर आनंदच आहे. गाऊन मिळाला नाही म्हणून नेसावी लागू नये.

या दिवाळीनंतरचा माल कापायला घ्याल तेव्हा एवढं करा : ४४ किंवा ४६ छातीचा एक नवा मूळ फर्मा तयार करा, प्रत्यक्ष एका बाईच्या अंगावर बसवून. पुढची मोठी मापं त्याच्यावरून काढा, ३६ वरून नको. माझ्याकडे गेल्या काही वर्षांची मापांची वही आहे. छाती, वरची छाती, खालची छाती, दंड, मुंढा, पुढची-मागची उंची, उभ्याचं आणि बसल्याचं सीट, सगळं लिहिलेलं. गिऱ्हाइकांना विचारून, नावं वगळून, त्यातली मापं कुणाही मास्टरला उतरवून द्यायला मी तयार आहे. त्याचे पैसे नकोत. पहिला नमुना शिवून झाला की तो घालून बघायला बाई मी आणते. ती बसेल, वाकेल, हात वर करेल, आणि कुठे रुततं ते तुमच्या मास्टरला तोंडावर सांगेल.

आपली,
वसईतली एक शिवणारी